वि. स. पागे : रोजगार हमीच्या जनकाची आठवण नेमकी कशी ठेवायची?

येरळाकाठ

वि. स. पागे यांच्यावर शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा जयंतीच्या कार्यक्रमात जो फलक लागतो त्यावर बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात. रोजगार हमी योजनेचे जनक, विधान परिषदेचे माजी सभापती आणि जन्म-मृत्यूची सालं. एवढ्यावर भाषणं होतात, हार घातला जातो. त्यांनी केलं काय, ते चालत कसं होतं आणि कुठे अडत होतं, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना या योजनेची कागदपत्रं, मोजमापं, बांधकाम यातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी लिहावं. यातून फलकासाठी आणि तासाभराच्या व्याख्यानासाठी पुरेसा मजकूर उभा राहावा अशी इच्छा आहे.

सुरुवात मी करतो.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१० चा, सांगली जिल्ह्यातल्या बागणीचा. १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षं ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं. विधिमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला त्यांचं नाव आहे. सभापतीकडे ना खातं असतं, ना अंदाजपत्रक, ना बदल्या. फायलीवर सही करून योजना सुरू करण्याचा अधिकार त्यांच्याकडे कधीच नव्हता. पटवून देणं, आकडे मांडणं आणि मुख्यमंत्र्यांच्या मागे लागणं, एवढ्यावर त्यांनी हे काम उभं केलं. त्यांच्या मोठेपणाबद्दल बोलताना ही बाब आधी सांगायला हवी.

१९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूरच्या आसपासच्या ११ गावांच्या गटात पहिला प्रयोग झाला. कल्पना साधी होती: जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि ते काम गावाच्या जमिनीला-पाण्याला उपयोगी पडेल असंच निवडायचं. त्याआधीची रीत उलटी होती. पाऊस जायचा, तलाठी आणेवारी (पीक किती आलं याचा अंदाज) लावायचा, ती वर जायची, कलेक्टर टंचाई जाहीर करायचे, मग खडी फोडायची कामं निघायची. आणेवारी जास्त लागली तर गावातले लोक उपाशी असले तरी काम नाही. पागेसाहेबांनी या साखळीचं पहिलं टोक बदललं. आणेवारीच्या जागी मजुराची मागणी आणली. पुढचं सगळं, कायदा, निधी, हजेरीपट, या एका बदलातून आलेलं आहे.

जुनी_नोंद

चांगला धागा. कालक्रम एकदा नीट मांडून ठेवतो, कारण भाषणांत इथेच हमखास गोंधळ होतो.

'१९७२ च्या दुष्काळात लाखो लोक रोजगार हमीवर जगले' हे वाक्य जसंच्या तसं बरोबर नाही. रोजगार हमी योजना (रोहयो) १ मे १९७२ रोजी, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, सरकारच्या पंधरा कलमी कार्यक्रमाचा भाग म्हणून जाहीर झाली. पण लगेच पाऊस गेला आणि राज्यभर टंचाईची कामं निघाली. मे १९७३ च्या सुमारास कामावरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. ती कामं दुष्काळ निवारणाच्या खात्यावरची होती, त्यांचा पैसा वेगळा आणि नियमही वेगळे. रोहयो त्या काळात बाजूला राहिली आणि १९७४-७५ पासून खऱ्या अर्थाने चालू झाली.

त्यानंतर:

१९७५ : व्यवसाय कराचा कायदा. योजनेला कायमचा पैसा.

१९७७ : रोजगार हमीचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, तेही सांगलीचेच.

२६ जानेवारी १९७९ : कायदा अंमलात. ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला कामाचा हक्क आहे, असं कलमात लिहिलेलं. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून होता, कोर्टात मागता न येणारा. त्याला राज्याच्या कायद्यात जागा मिळाली ती इथे.

२००५ : केंद्राचा रोजगार हमीचा कायदा. त्यात वर्षाला प्रति कुटुंब १०० दिवसांची हमी आली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती, हे पुष्कळांना माहीत नसतं.

दुष्काळाच्या कामांचं महत्त्व मात्र कमी लेखू नये. एवढ्या मोठ्या संख्येने लोकांना हजेरीपटावर घेऊन दर आठवड्या-पंधरवड्याला पैसे वाटता येतात, हे महसूल खात्याला त्या वर्षी कळलं. रोहयोला लागणारी तालुका पातळीवरची तयारी त्यातूनच झाली.

मोजपट्टी

फलकावर एक चौकडी काढा, म्हणजे खोदायला आखून देतात तो चौकोन. खरंच सांगतोय. रोजगार हमीत मजुराच्या हातात किती पैसे पडतात हे चौकडीवर ठरतं आणि पागेसाहेबांच्या योजनेची परीक्षा तिथेच होते.

रोहयोत रोजंदारी ठरलेली नसते. काम मोजून दाम. दर असे लावायचे की सात तास मन लावून काम करणाऱ्या साधारण ताकदीच्या मजुराला किमान वेतनाएवढे पैसे सुटले पाहिजेत, हे तत्त्व. जुन्या मापात दहा फूट बाय दहा फूट, एक फूट खोल म्हणजे १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. मीटरमध्ये तो २.८३ घनमीटर भरतो. कामावर टोळीला चौकडी आखून देतात, समजा ३ मीटर बाय ३ मीटर, खोली ३० सेंटिमीटर. भरलं २.७ घनमीटर.

आता कुठे बिघडतं ते बघा.

खोली कमी लागणे. ३० ऐवजी २५ सेंटिमीटर लिहिली तर चौकडी २.२५ घनमीटर होते. टेप पाच सेंटिमीटरने चुकली आणि मजुरी सहाव्या हिश्श्याने गेली. म्हणून खोदताना मध्ये मूळ जमिनीचा खुंट राखायचा असतो, खात्यात त्याला डेडमन म्हणतात. खोली त्या खुंटाच्या माथ्यापासून मोजायची. खुंट आधीच फोडला तर मूळ पातळी कुठे होती याला पुरावा उरत नाही.

मोजणीला उशीर. वळवाचा पाऊस पडला की चौकडीत गाळ बसतो, कडा ढासळतात. मोजणी आठवड्याच्या आठवड्याला झाली पाहिजे आणि पावसाची चिन्हं असतील तर त्याच दिवशी.

मातीचा वर्ग. मऊ माती, कठीण माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, प्रत्येकाचा दर वेगळा. पहिला फूटभर माती निघते आणि खाली मुरूम लागतो. मोजमाप पुस्तकात सगळंच 'मऊ माती' पडलं की टिकाव मारून हात फुटलेल्या टोळीला सर्वांत कमी पैसे मिळतात. थर बदलला की तिथे रेघ मारून वेगळी मोजणी लिहून घ्यायची.

लीड (माती वाहून नेण्याचं अंतर) आणि लिफ्ट (उचलण्याची उंची). पायाभूत दरात साधारण ५० मीटर अंतर आणि दीड मीटर चढ धरलेला असतो. बांध वर जाईल तशी घमेलं उचलायची उंची वाढते आणि माती लांबून आणावी लागते. त्याचे जादा दर दरसूचीत असतात, पण लिहिले तरच मिळतात.

शेवटचं, खड्ड्यावरून मोजलं की बांधावरून हे विचारायचं. बांधावरच्या भरावातून दबाईची (माती दाबून घट्ट बसवण्याची) वजावट होते, साधारण १० टक्के. खड्डा मोजला तर ती होत नाही.

दुपारची_सुट्टी

मोजपट्टी यांनी लिहिलं ते पोटाचं झालं. त्याच्याही आधी काम मिळण्याचा प्रश्न येतो.

मूळ योजनेत रीत अशी होती. गावात ग्रामसेवक किंवा तलाठ्याकडे नाव नोंदवायचं. मग कामाची मागणी करायची, आणि सलग किमान ३० दिवस काम करण्याची तयारी दाखवायची. मागणीपासून १५ दिवसांत काम दिलं पाहिजे. नाही दिलं तर बेकारी भत्ता, सुरुवातीला दिवसाला एक रुपया. काम शक्यतो गावापासून ५ किलोमीटरच्या आत आणि पंचायत समितीच्या हद्दीत. नवं काम सुरू करायला ५० मजूर हवेत. कमी असतील तर जवळच्या चालू कामावर पाठवायचं. बाई आणि पुरुषाला दर एकच. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान मुलांना सांभाळायला एक बाई.

एक रुपया भत्ता म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण तो भत्ता द्यावा लागणं म्हणजे तालुक्याच्या अधिकाऱ्याने काम तयार ठेवलं नव्हतं याची लेखी कबुली. म्हणून प्रत्येक तालुक्यात मंजूर, अंदाजपत्रक झालेली कामं 'शेल्फवर' ठेवण्याची पद्धत आली. त्या एका रुपयाचा धाक शेल्फवर होता.

भत्ता प्रत्यक्षात फारच थोड्यांना मिळाला. कारण तोंडी मागणी. मजूर ग्रामपंचायतीत जाऊन 'काम काढा' म्हणतात, समोरचा 'बघू' म्हणतो, आणि पंधरा दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. २००५ नंतरच्या पद्धतीत यासाठी नमुना ४ (कामाची मागणी) आणि नमुना ५ (तारखेसह पोच) आले. अर्ज भरताना घ्यायची काळजी:

नमुना ४ वर प्रत्येक मजुराचं नाव, जॉबकार्ड क्रमांक, किती दिवस काम हवं आणि कोणत्या तारखेपासून, हे चारही रकाने भरा. 'कोणत्या तारखेपासून' रिकामा राहिला की मागणी मोघम ठरते.

नमुना ५ हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका. त्यावर तारीख, सही, शिक्का तिन्ही हवेत. कोरी पोच किंवा नंतरची तारीख टाकलेली पोच घेऊ नका.

ग्रामपंचायत घेत नसेल तर तोच अर्ज तहसीलमध्ये आवक-जावकला द्या आणि आवक क्रमांक लिहून घ्या.

बायकांबद्दल एक मुद्दा फलकावर यायलाच हवा. कायद्यात दर समान होता, पण टोळीचे पैसे टोळीप्रमुखाच्या हातात आले की वाटणीत फरक पडायचा. खोदणारा पुरुष आणि माती वाहणारी बाई अशी जोडी धरून पैसे पुरुषाकडे देण्याची सवय होती. बाईचं नाव मस्टरवर (हजेरीपटावर) स्वतंत्र ओळीत आणि अंगठा तिचाच, एवढी दक्षता जिथे घेतली गेली तिथे हा हक्क कागदावरून हातात आला. शेतात पुरुषाच्या निम्म्या-पाऊण रोजावर राबणाऱ्या बायकांनी रोहयोच्या कामांवर गर्दी केली ती याचसाठी.

जुनी_नोंद

दुपारची_सुट्टी यांच्या मुद्द्याला एक जोड. १९८८ मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि रोहयोचा दर त्याला बांधलेला असल्याने तोही वाढला. मजुरांसाठी ते हवंच होतं. पण निधी त्या प्रमाणात वाढला नाही आणि त्यानंतर नवी कामं काढण्यात हात आखडता झाला. हमी कायद्यात तशीच राहिली, कामं कमी निघाली. पागेसाहेबांच्या योजनेचं मूल्यमापन करताना १९८८ च्या आधीची आणि नंतरची वर्षं वेगळी धरावीत.

घळभरणी

सिंचनाच्या बाजूने लिहितो. रोहयोचं सर्वांत दिसणारं काम म्हणजे पाझर तलाव. पुष्कळ ठिकाणी आजही विहिरींना पाणी आहे ते त्यांच्यामुळे, आणि पुष्कळ ठिकाणी नुसता मातीचा ढीग उरला आहे. दोन्हींमागे तांत्रिक कारणं आहेत.

पाझर तलाव हा साठवण तलाव नव्हे. यातलं पाणी मुरून खालच्या विहिरींत जायला हवं. म्हणून जागा निवडताना तळाला भेगाळलेला, कुजका खडक किंवा मुरूम हवा. काळ्या चिकणमातीवर बांधलेला पाझर तलाव डबकं होतो. खालच्या अंगाला विहिरी आणि लागवडीची जमीन हवी, नाहीतर मुरलेलं पाणी वापरणार कोण? तलावाचा आकार जमीन किती पाणी मुरवू शकते यावर ठरवायचा. पाणलोटातून किती येतं हा दुसरा हिशेब. साधारण साठा १ ते ५ लाख घनमीटर, पाण्याची खोली ३ ते साडेचार मीटर. फेब्रुवारीपर्यंत बहुतेक पाणी मुरून गेलं पाहिजे, कारण उन्हाळ्यात दिवसाला ८-१० मिलिमीटर बाष्पीभवन होतं. मार्च ते मे धरलं तर पाऊण मीटरहून जास्त पाणी नुसतं उडून जातं.

बांधाची उंची साडेचार मीटरपर्यंत असेल तर पायाखाली खोल चर घेण्याची गरज नसते. जमीन खरवडून, पायऱ्या पाडून भराव तिच्यात बसवला की पुरे. पायाखालून थोडं पाणी झिरपलं तरी चालतं, तेच तर हवं आहे. बांधाच्या अंगातून मात्र झिरपता कामा नये.

आता रोहयोत हे तलाव का फुटले.

पहिलं कारण, घळभरणी. नाल्याचा पात्रातला भाग शेवटी भरतात कारण तोपर्यंत पाणी जायला वाट हवी. दोन्ही बाजूंचे बांध हिवाळ्यात-उन्हाळ्यात उभे राहतात आणि मे महिन्यात घळ भरायची वेळ येते. नेमके तेव्हा मजूर पेरणीच्या तयारीला घरी जातात. जून उजाडतो, घळ अर्धी भरलेली, पहिल्या पुरात तेवढाच भाग वाहून जातो आणि सोबत दोन वर्षांची मेहनत. घळभरणी सुरू करायची तर सुरक्षित पातळीपर्यंत पावसाआधी नेता येईल एवढे मजूर आणि तेवढे दिवस हातात आहेत का हे आधी मोजायचं. नसतील तर त्या वर्षी घळ उघडी ठेवणं शहाणपणाचं.

दुसरं, दबाई. माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरात टाकायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. पण काम निघतं दुष्काळात, जिथे प्यायला पाणी टँकरने येतं. बांधावर मारायला कुठून आणणार? कोरडा भराव तसाच चढत जातो. तो नंतर बसतो, आणि सर्वांत जास्त बसतो घळीवर, कारण तिथे उंची जास्त आणि भराव ताजा. बांधाचा माथा तिथे खाली येतो आणि पाणी नेमकं तिथून ओलांडतं.

तिसरं, सांडवा, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. योजनेत मजुरीवर किमान ६० टक्के आणि साहित्य-कुशल कामावर ४० टक्क्यांपर्यंत खर्च, हे प्रमाण. मातीकाम मजुरीचं, सांडव्याची भिंत मात्र दगड, सिमेंट, गवंड्याची. प्रमाण बिघडू नये म्हणून मातीकाम आधी आणि सांडवा नंतर, असं करता करता सांडवा राहून गेला. सांडव्याशिवाय मातीचा बांध पुरापुढे टिकत नाही. माझं मत: अंदाजपत्रकात सांडव्याची रक्कम आधी बाजूला ठेवल्याशिवाय पाझर तलावाला कामाचा आदेशच द्यायला नको होता. गरज पडली तर त्याच तालुक्यात बांधबंदिस्तीचं एखादं काम जोडीला घेऊन ६०-४० सांभाळता येतं, कारण त्यात जवळजवळ सगळी मजुरीच असते.

नवी_पेरणी

खूप उपयोगी माहिती. एक विचारू का? गावच्या कार्यक्रमात 'आपल्या गावातली रोजगार हमीची कामं' अशी यादी लावायची कल्पना निघाली आहे. पण कुठला तलाव रोहयोचा, कुठला दुष्काळातला आणि कुठला जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या योजनेचा, हे आता कसं ओळखायचं? जुनी माणसं सगळ्यालाच 'दुष्काळात झालेला' म्हणतात.

सातबारा

हे काम करता येतं, फक्त क्रम पाळा.

आधी गावनकाशा घ्या आणि सगळे तलाव, नालाबांध, रोहयोचे मानले जाणारे रस्ते गट नंबरसह त्यावर टाका. गावनकाशात जुने सर्व्हे नंबर असतील तर जमिनींच्या एकत्रीकरणाच्या वेळचा जुना-नवा नंबरांचा तक्ता तलाठ्याकडून घ्या. हे आधी केलं नाही तर पुढचे सगळे कागद भलत्याच जमिनीचे निघतात.

मग त्या गटांचे सातबारे. बुडीत क्षेत्र संपादित झालं असेल तर कब्जेदार सदरी सरकार किंवा खात्याचं नाव असतं, किंवा इतर हक्कात 'पाझर तलावाकडे' अशी नोंद. त्या नोंदीचा फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक उचला आणि फेरफाराची नक्कल मागा. फेरफारात भूसंपादनाच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख सापडते. तारीख १९७२-७३ ची असेल तर टंचाईचं काम असण्याची शक्यता जास्त, १९७५ नंतरची असेल तर रोहयो. भूसंपादन कामानंतर काही वर्षांनी होत असे, हे लक्षात ठेवून केवळ या तारखेवर निकाल देऊ नका.

पक्का पुरावा प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात असतो. त्यात लेखाशीर्ष (खर्च कोणत्या सरकारी खात्यावर पडला ते) लिहिलेलं असतं आणि त्यावरून योजना कळते. रोहयोत नियोजन आणि पैसा कलेक्टरकडे, प्रत्यक्ष काम पाटबंधारे, बांधकाम, कृषी, वन किंवा जिल्हा परिषदेकडे. म्हणून एकाच कामाचे कागद दोन ठिकाणी असतात. तहसीलच्या रोहयो शाखेत मान्यता आणि मस्टरचे हिशेब, कार्यान्वयन खात्याच्या उपविभागात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक. तहसीलमध्ये नाही मिळालं म्हणून थांबू नका, उपविभागात विचारा.

माहिती अधिकारात अर्ज करताना 'गावातील सर्व रोहयो कामांची माहिती द्या' असं लिहिलंत तर 'विस्तृत आहे, अभिलेख पाहून जा' असं उत्तर येतं. त्यापेक्षा एका अर्जात एक काम, गट नंबर, अंदाजे साल, आणि नेमके तीन कागद मागा: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रकाचा गोषवारा, काम पूर्णत्वाचा दाखला. पूर्णत्वाचा दाखला नसेल तर त्याचा अर्थही नोंदवून ठेवा. घळभरणी यांनी सांगितलेला सांडवा बहुतेक तिथेच राहिलेला असतो.

मजुरांची मस्टरं मात्र फलकावर किंवा पत्रकात छापू नका. ती खासगी माणसांची नावं आहेत.

पगारपत्रक

शहरातल्या वाचकांसाठी एक मुद्दा. पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये 'पीटी' कापला जातो आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हाच तो व्यवसाय कर. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने घातलेली कमाल मर्यादा आहे म्हणून आकडा तिथेच थांबतो. १९७५ मध्ये हा कर आणला गेला तेव्हा ती मर्यादा वर्षाला २५० रुपये होती.

कर आणला तोच रोजगार हमीसाठी. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवरचा जादा कर, विक्रीकरावरचा अधिभार, उसावरचा जादा कर, बागायती जमिनीवरची विशेष आकारणी आणि शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवरचा कर. एवढं सगळं जमवून तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्याकडून घालायची आणि रोजगार हमी निधी उभा करायचा, अशी रचना. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या आणि पाटाखालच्या बागायतदाराच्या खिशातून कोरडवाहू माणसाच्या मजुरीची सोय. दरवर्षी अर्थखात्याच्या दारात हात पसरायला नको म्हणून वेगळा निधी. योजना पुढारी बदलले, सरकारं बदलली तरी टिकली, त्याचं मोठं श्रेय या रचनेला आहे.

यातली अडचणही सांगतो. कर थेट निधीत जात नाही. आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि मग विधिमंडळाच्या मंजुरीने वर्ग होतो. वर्ग व्हायला उशीर झाला किंवा कमी झाला तरी पगारातून कपात चालूच राहते, आणि ती कुणाच्या नावाने चालू आहे हे कापणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कार्यालयात कार्यक्रम करायचा असेल तर पागेसाहेबांच्या फोटोखाली पगाराच्या पावतीतली ती एक ओळ लावा.

माळरान

सगळं वाचलं. एक वेगळा सूर लावतो, गैरसमज नसावा. 'जनक' म्हणताना एकट्या माणसाला सगळं श्रेय जातं. १९७२-७३ मध्ये मजुरीसाठी, वेळेवर पगारासाठी, कामावर धान्यासाठी ज्यांनी मोर्चे काढले, तहसीलला वेढे घातले, त्या मजुरांनी आणि संघटनांनी सरकारवर दबाव आणला नसता तर योजना फायलीत राहिली असती. विरोधी पक्षांनी विधेयकाला पाठिंबा दिला, हेही आहे. फलकावर त्यांची जागा कुठे?

येरळाकाठ

माळरान, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि फलकावर ते घ्यावं असंच मला वाटतं. फक्त दोन कामं वेगळी होती. मोर्चामुळे काम निघतं, पण पुढच्या वर्षी पुन्हा मोर्चा काढावा लागतो. मागणी, पंधरा दिवस, भत्ता, निधी या चार खुंट्या कायद्यात ठोकल्या की मोर्चा न काढताही मजूर हक्क सांगू शकतो. पागेसाहेब वकील होते आणि सभापतीच्या खुर्चीत बसून कायदा कसा टिकतो, कुठे गळतो हे रोज पाहत होते. त्या खुंट्या त्यांनी ओळखल्या. मजुरांच्या रेट्याशिवाय त्या रोवल्या गेल्या नसत्या, हे मान्य.

आतापर्यंतच्या मजकुरावरून फलकाचा मसुदा असा करतो. चुकलं तर दुरुस्त करा.

वर नाव, बागणी, १९१० ते १९९०, विधान परिषदेचे सभापती १९६० ते १९७८. त्याखाली विसापूर परिसरातल्या ११ गावांचा प्रयोग. मग आणेवारीची जुनी रीत आणि मजुराच्या मागणीची नवी रीत, शेजारी शेजारी. डाव्या बाजूला चौकडीचं चित्र मापांसह, त्यातला खुंट ठळक दाखवायचा. उजव्या बाजूला समान दर आणि मजुरांच्या लढ्याचा उल्लेख. खाली व्यवसाय कराची ओळ. सगळ्यात खाली गावातल्या कामांची यादी: गट नंबर, साल, कोणत्या खात्याने केलं, आज स्थिती काय.

दुपारची_सुट्टी

मसुदा चांगला आहे. 'आज स्थिती काय' या रकान्यात नुसतं चांगली-वाईट नको. सांडवा आहे/नाही, बांध अखंड/फुटलेला, गाळ किती फूट, असं लिहा. आणि फलक वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात आणि उंबऱ्याच्या बाहेर लावा. सभागृहाच्या आत लावला तर ज्यांच्यासाठी आहे ते तिथवर येत नाहीत.

मोजपट्टी

चौकडीच्या चित्राशेजारी एक ओळ घाला: ३ × ३ × ०.३० = २.७ घनमीटर. मुलं स्वतः गुणाकार करून बघतील. आणि अंगणात खरी चौकडी आखून दाखवली तर जास्त बरं. चुन्याने रेघ मारायची, एका कोपऱ्यात पाच-सहा इंच खोदायचं, मध्ये खुंट ठेवायचा. टेप लावून मोजणं पाच मिनिटांत शिकवता येतं.

घळभरणी

यादी तयार झाली की बहुतेक गावात पुढचा विषय गाळ काढण्याचा निघणार, म्हणून चार सूचना आधीच देतो. पाझर तलावात हे चुकीच्या पद्धतीने झालं तर नुकसान होतं.

गाळ का काढायचा? पुराबरोबर येणारी बारीक माती तळाला थर धरते आणि मुरूमाच्या भेगा बुजतात. पाणी दिसतं भरपूर, मुरत मात्र नाही. तलाव मार्च-एप्रिलपर्यंत भरलेला आणि खालच्या विहिरी कोरड्या, हे त्याचं लक्षण.

किती काढायचा? बारीक गाळ संपून मुरूम दिसला की थांबायचं. मुरूम काढायला मशीन लावलं की तळाची चाळण जाते आणि खड्डे तेवढे उरतात. तीन-चार ठिकाणी आधी कुदळीने खड्डे घेऊन थराची जाडी मोजा, म्हणजे मशीनवाल्याला आकडा सांगता येतो.

कुठून काढायचा नाही? बांधाच्या आतल्या पायथ्याला लागून. तिथली माती बांधाच्या उताराला आधार देते. पायथ्यापासून सुरक्षित अंतराची रेघ उपअभियंत्याकडून आखून घ्या आणि चुन्याने मारा.

गाळ कुठे टाकायचा? हलक्या मुरमाड रानात. एका एकरावर पाच सेंटिमीटर जाडीने पसरायचा तर सुमारे २०० घनमीटर लागतो, म्हणजे ७०-७२ ब्रास. शेतकऱ्यांनी आधी नोंदणी करून एकर सांगितले तर ट्रॉल्यांचा हिशेब जुळतो. नाहीतर रस्त्याकडेचीच रानं भरतात आणि आतले लोक राहून जातात.

गाळ काढायच्या आधी बांधावरची झाडं बघा. बाभळी-सुबाभळी मोठ्या झाल्या असतील तर त्यांच्या मुळांच्या वाटेने पाणी शिरतं. घुशींची, खेकड्यांची बिळं असतील तर ती उघडून ओल्या चिकणमातीने ठासून बुजवा, वरवर माती लोटून नाही. आणि सांडव्याच्या तोंडाशी वाढलेली झुडपं, साठलेले दगड पावसाआधी काढा. सांडवा मोकळा आणि बांधाचा माथा सगळीकडे एका पातळीत, एवढं झालं की मगच खोली वाढवायचा विचार. लेव्हल यंत्र नसेल तर पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेही माथ्याची पातळी तपासता येते. दर दहा मीटरवर खुंटी मारायची आणि सगळ्यात खालचा बिंदू शोधायचा. तो बहुधा जुन्या घळीवरच सापडेल.

सातबारा

घळभरणी यांनी सांगितलेल्या कामाआधी ग्रामसभेचा ठराव आणि ज्या खात्याच्या ताब्यात तलाव आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. जिल्हा परिषदेकडे वर्ग झालेला असेल तर लघु पाटबंधारे विभागाची. परवानगीच्या अर्जाला नकाशा आणि वर लिहिलेल्या फेरफाराची नक्कल जोडली तर 'हा तलाव आमच्याकडे नाही' असं म्हणून अर्ज फिरत नाही.